मिकिमोतो कोकिची

मिकिमोतो कोकिची (जन्म: तोबा, शिमा प्रांत, १८५८, मृत्यू: २१ सप्टेंबर १९५४) हे जपानी उद्योजक आणि संवर्धित मोत्यांच्या उद्योगाचे प्रवर्तक होते. जिवंत कालवाच्या शरीरात केंद्रक बसवून त्याच्याकडून मोती तयार करवून घेण्याची कल्पना त्यांच्यापूर्वीही अनेकांना सुचली होती. मात्र तिचे व्यापारी उद्योगात रूपांतर करणारे ते पहिले गृहस्थ होत. त्यांच्या मोत्यांमुळे खरा मोती कशाला म्हणावे, हा जवाहिऱ्यांना त्यापूर्वी कधी न पडलेला प्रश्न विसाव्या शतकात उभा राहिला. त्यावरून लंडन आणि पॅरिस येथे वाद झाले, रत्नपरीक्षेच्या नव्या पद्धती शोधल्या गेल्या आणि इराणच्या आखातातील शतकानुशतकांचा मोत्यांचा व्यवसाय बसण्यासही हे मोती अंशतः कारणीभूत ठरले.

जन्म व बालपण

मिकिमोतो यांचा जन्म आजच्या मिए प्रभागातील तोबा या बंदराच्या गावी झाला. जपानी चांद्र पंचांगानुसार त्यांची जन्मतिथी पहिल्या महिन्याचा २५ वा दिवस ही होती. त्यामुळे अनेक पाश्चात्त्य ग्रंथांत ती २५ जानेवारी अशी दिलेली आढळते. ग्रेगरी पंचांगाप्रमाणे तो दिवस १० मार्च १८५८ हा येतो. त्यांचे बालपणीचे नाव किचिमात्सु असे होते. वडील ओतोकिची यांचे उदोन नावाच्या जाड शेवयांचे खाद्यगृह होते. मोठ्या कुटुंबाचा भार त्या उत्पन्नावर चालेना, म्हणून थोरल्या मुलाने लहान वयातच भाजी विकण्यास सुरुवात केली. शालेय शिक्षण त्यांना जवळजवळ मिळाले नाही.

तोबा बंदरात ब्रिटिश नौका आली असता इतर विक्रेत्यांना तिच्यावर प्रवेश मिळेना, तेव्हा किचिमात्सु यांनी होडीत उताणे पडून पायांनी वस्तू झेलण्याची कसरत करून दाखविली आणि खलाशांनी खूष होऊन त्यांचा माल घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. ही कसरत त्यांनी आयुष्यभर जपली. नव्वदीत पोहोचल्यावरही ते पाहुण्यांना पायावर छत्री फिरवून दाखवीत असत.

१८७८ मध्ये ते कुटुंबप्रमुख झाले व त्यांनी कोकिची हे नाव धारण केले. त्याच वर्षी त्यांनी तोक्यो आणि योकोहामा येथे प्रवास केला. योकोहामाच्या बाजारात चिनी व्यापारी सुकविलेले सागरी पदार्थ आणि बारीक मोती चढ्या दराने विकत घेत असल्याचे त्यांनी पाहिले. जपानी किनाऱ्यावरील बारीक मोत्यांना तेव्हा चीनमध्ये औषध म्हणून मागणी होती. गावी परतल्यावर त्यांनी भाजीचा धंदा सोडून समुद्री मालाचा व्यापार सुरू केला. १८८१ मध्ये त्यांचा विवाह तोबा येथील एका सामुराई घराण्यातील उमे यांच्याशी झाला. पुढील पंधरा वर्षे उमे या त्यांच्या संसाराबरोबरच त्यांच्या प्रयोगांतही सहभागी होत्या.

मोती: एक जैविक रत्न

मिकिमोतो यांचे कार्य समजण्यासाठी मोत्याची उत्पत्ती ध्यानात घेणे आवश्यक आहे. हिरा, माणिक, पाचू ही खनिज रत्ने असून मोती आणि पोवळे ही सजीवांपासून मिळणारी, म्हणजे जैविक रत्ने होत. कालवासारख्या मृदुकाय प्राण्याच्या कवचाला आतून अस्तरासारखा लागून असलेला प्रावार हा पडदा कवचाची द्रव्ये स्रवतो. जखमेमुळे किंवा परजीवी शिरल्यामुळे प्रावाराच्या काही पेशी प्राण्याच्या आतील भागात ढकलल्या गेल्या, की त्यांची एक बंद पिशवी तयार होते. जे द्रव्य एरवी कवचावर चढावयाचे, ते ही पिशवी आतल्या आत थरावर थर चढवीत राहते. हाच मोती होय. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो ही भारतीय कविकल्पना प्रसिद्ध आहे. वाळूचा कण शिरल्याने मोती होतो ही समजूत तिच्यापेक्षा शास्त्रीय वाटत असली, तरी तीही बहुधा खरी नसते.

मोत्याचे थर मुख्यतः ॲरॅगोनाइट या स्वरूपातील कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ चकत्यांचे असतात व काँचिओलिन या प्रथिनयुक्त द्रव्याने त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. या थरांवर आणि थरांमधून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे मोत्याला जे तेज येते, त्यालाच जवाहिरे मोत्याचे पाणी म्हणतात. मोती मऊ असतो. मोस मापनश्रेणीत त्याची कठिनता सुमारे २.५ ते ४ एवढीच भरते. त्याला पैलू पाडावे लागत नाहीत, परंतु आम्ल, घाम व अत्तर यांनी त्याचे पाणी उतरते.

मोती मुद्दाम तयार करविण्याचे प्रयत्न जुने आहेत. चीनमध्ये गोड्या पाण्यातील शिंपल्यांत बुद्धाच्या चपट्या मूर्ती सरकवून त्यांवर मोत्याचा थर चढवून घेण्याची कला शतकानुशतके चालत आली होती. अठराव्या शतकात स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यांनी गोड्या पाण्यातील शिंपल्यांत गोलसर मोती तयार करून दाखविले. यांतून मोठा उद्योग मात्र उभा राहिला नाही.

आगो उपसागरातील प्रयोग

शिमा प्रांतातील आगो उपसागर अकोया या मोत्याच्या कालवांसाठी प्रसिद्ध होता. मोत्यांची किंमत वाढताच तेथे बेसुमार उपसा होऊन कालवे झपाट्याने कमी होऊ लागली. मिकिमोतो यांचा मूळ हेतू मोती तयार करण्याचा नव्हता. कालवांची जोपासना करून त्यांची संख्या टिकवावी, एवढाच होता. यानागी नारायोशी यांच्यासारख्या मत्स्यव्यवसायातील जाणकारांच्या प्रोत्साहनाने १८८८ मध्ये त्यांनी शिन्मेइ खाडीत कालवांचे संगोपन सुरू केले. लवकरच त्यांच्या लक्षात आले, की कालवे कितीही वाढविली तरी मोती क्वचितच एखाद्यात सापडतो. नुसत्या जोपासनेने हा व्यवहार परवडणार नाही.

१८९० मध्ये तोक्यो येथील राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांची प्राणिशास्त्रज्ञ प्रा. मित्सुकुरी काकिची यांच्याशी भेट झाली. परका पदार्थ आत ठेवून कालवाला मोती बनविण्यास प्रवृत्त करणे तत्त्वतः शक्य आहे, परंतु ते अद्याप कोणास साधलेले नाही, असे मित्सुकुरी यांनी त्यांना सांगितले. परत येताच मिकिमोतो यांनी शिन्मेइ येथे आणि तोबाजवळील ओजिमा या बेटावर प्रयोगांना आरंभ केला. काच, माती, शिंपल्याचे तुकडे असे नाना पदार्थ ते कालवांत बसवीत. काही कालवे तो पदार्थ बाहेर टाकीत, काही मरून जात, उरलेल्यांत काहीच निष्पन्न होत नसे. कर्ज वाढत गेले आणि गावात त्यांची थट्टा होऊ लागली.

नोव्हेंबर १८९२ मध्ये आगो उपसागरात तांबडी लाट आली. सूक्ष्म जीवांची अमर्याद वाढ होऊन समुद्राचे पाणी लालसर होते व त्यात कालवे मरतात, तिला हे नाव आहे. शिन्मेइ येथील सर्व कालवे नष्ट झाली. दूरच्या ओजिमा बेटावरील तेवढी वाचली. उमे यांनी या काळात घर चालविले, कामगारांची व्यवस्था पाहिली आणि पतीला प्रयोग सोडू दिले नाहीत. ११ जुलै १८९३ रोजी ओजिमा येथील कालवे उघडून पाहत असता एका शिंपल्याच्या आतील बाजूस चिकटलेला अर्धगोल मोती आढळला. जगातील संवर्धित मोत्यांच्या उद्योगाचा आरंभ याच दिवसापासून मोजला जातो.

यानंतर त्यांनी आगो उपसागरातील तातोकु या बेटावर आपले काम हलविले. २७ जानेवारी १८९६ रोजी त्यांना अर्धगोल मोत्यांच्या पद्धतीचे पेटंट (एकस्व) मिळाले. त्याच वर्षाच्या वसंतात उमे यांचे वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी निधन झाले. मागे पाच मुले होती. मिकिमोतो यांनी पुनर्विवाह केला नाही.

अर्धगोल मोती अंगठी, पिन किंवा कर्णभूषणात बसविता येत, कारण त्यांची सपाट बाजू कोंदणात झाकली जाई. माळेत ओवण्यास मात्र ते निरुपयोगी होते. तरीही त्यांच्या बळावर मिकिमोतो यांनी १८९९ मध्ये तोक्योच्या गिंझा भागात दुकान उघडले व पुढे दागिने घडविण्याचा स्वतःचा कारखाना काढला. समुद्रतळावरून कालवे गोळा करण्याचे काम आमा म्हणजे पाणबुड्या स्त्रिया करीत. या किनाऱ्यावर बायकांनी श्वास रोखून बुडी मारण्याची परंपरा फार जुनी आहे. संवर्धनाच्या उद्योगामुळे त्यांच्या कौशल्याला नवे काम मिळाले.

गोल मोती आणि श्रेयाचा प्रश्न

१९०५ च्या आरंभी तांबड्या लाटेने पुन्हा घाला घातला. या वेळी सुमारे ८,५०,००० कालवे मेली. सडलेल्या कालवांच्या ढिगातून मिकिमोतो एकेक शिंपला तपासत राहिले आणि त्यांत त्यांना पूर्ण गोल असे पाच मोती मिळाले. नोव्हेंबर १९०५ मध्ये इसे येथील देवस्थानाच्या यात्रेस आलेल्या सम्राट मेइजी यांच्यापुढे उभे राहण्याची संधी त्यांना लाभली, तेव्हा जगातील सर्व स्त्रियांच्या गळ्यात मोत्यांची माळ घालीन असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. हाती पाच मोती असताना केलेली ही प्रतिज्ञा होती.

गोल मोत्याच्या शोधाचे सर्व श्रेय मिकिमोतो यांना दिले जाते, ते वस्तुस्थितीला धरून नाही. त्याच सुमारास आणखी दोन जपानी माणसे स्वतंत्रपणे या प्रश्नामागे लागली होती. निशिकावा तोकिची हे तोक्यो विद्यापीठात शिकलेले प्राणिशास्त्रज्ञ असून मिकिमोतो यांचे जावई होते. मिसे तात्सुहेइ यांनी सुतारकामाचे शिक्षण घेतले होते. दोघांनीही १९०७ मध्ये पेटंटसाठी अर्ज केले आणि त्यांच्या पद्धती जवळजवळ सारख्याच असल्याचे आढळले. एका कालवाच्या प्रावाराचा काही मिलिमीटरांचा लहानसा तुकडा कापून तो गोल केंद्रकासह दुसऱ्या कालवाच्या जननग्रंथीत बसविणे, हे त्या पद्धतीचे सार होते. तुकड्यातील पेशी वाढून केंद्रकाभोवती पिशवी तयार करतात व ती मोत्याचे थर चढविते. दोघांत तडजोड होऊन ही पद्धत मिसे-निशिकावा पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. निशिकावा यांचा १९०९ मध्ये अकाली मृत्यू झाला. त्यांच्या अर्जावर पेटंट मिळाले ते १९१६ मध्ये.

मिकिमोतो यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. कुवाबारा ओतोकिची या दंतवैद्याच्या साहाय्याने त्यांनी सिद्ध केलेल्या या रीतीत संपूर्ण केंद्रक प्रावाराच्या तुकड्यात गुंडाळून, पुरचुंडीप्रमाणे बांधून कालवात ठेवीत. दातांवर बारीक शस्त्रकर्म करण्याचा कुवाबारा यांचा सराव येथे उपयोगी पडला. या पद्धतीसाठी मिकिमोतो यांना १९१६ मध्ये पेटंट मिळाले. मात्र ती किचकट होती व एका मोत्यासाठी एक कालव बळी द्यावे लागे. कालांतराने त्यांच्या शेतांवरही मिसे-निशिकावा पद्धतच स्वीकारण्यात आली आणि आज जगभर तिचाच उपयोग होतो. केंद्रकासाठी सर्वांत योग्य पदार्थ कोणता, याचे उत्तर मात्र मिकिमोतो यांच्या दीर्घ प्रयोगांतून मिळाले. अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील जाड शिंपल्यांपासून कातलेले मणी कालव सहज स्वीकारते, असे दिसून आले. म्हणजे जपानी समुद्रातील मोत्याच्या पोटात अमेरिकन नदीतील शिंपल्याचा मणी असे. पुढे मोत्यांच्या परीक्षेत याच गोष्टीला महत्त्व आले.

तंत्राइतकेच व्यवस्थापनही त्यांच्या यशास कारणीभूत होते. तराफ्यांखाली टांगलेल्या जाळीदार पिंजऱ्यांत कालवे ठेवणे, थंडीत त्यांना उबदार पाण्यात हलविणे, कवचांवर वाढणारे शेवाळ व इतर जीव वेळोवेळी खरवडणे, शस्त्रक्रिया करणाऱ्या मुलींना प्रशिक्षण देणे आणि सुमार माल बाजारात जाऊ न देणे, या बाबींकडे त्यांनी सातत्याने लक्ष दिले.

युरोपातील वाद

१९१९ मध्ये मिकिमोतो यांचे गोल मोती लंडनच्या बाजारात आले व नैसर्गिक मोत्यांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी किमतीस विकले जाऊ लागले. नैसर्गिक मोत्यांचे भाव त्या वेळी अतिशय चढलेले होते. १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे कार्टिए या पेढीने दोन पदरी मोत्यांच्या माळेच्या बदल्यात फिफ्थ ॲव्हेन्यूवरील हवेली मिळविली होती, यावरून त्या काळच्या भावांची कल्पना येईल. अशा स्थितीत १९२१ च्या मे महिन्यात लंडनच्या वृत्तपत्रांत जपानी मोत्यांविषयी खळबळजनक बातम्या आल्या. हे मोती नकली असून त्यांची विक्री ही फसवणूक आहे, अशी भूमिका तेथील व्यापाऱ्यांनी घेतली. पॅरिसच्या व्यापाऱ्यांनीही तीच भूमिका घेतली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

व्यापाऱ्यांची अडचण वेगळीच होती. ज्याला ते नकली म्हणत होते, तो मोती त्यांना स्वतःलाच ओळखता येत नव्हता. तोच चकाकता थर, तेच वजन, तेच पाणी. नकली मोती म्हणजे काचेच्या मण्यावर माशाच्या खवल्यांपासून केलेला लेप, हे त्यांना ठाऊक होते व तो मोती दातांवर घासला की गुळगुळीत लागून लगेच उघडा पडे. जपानी मोती मात्र अस्सल मोत्याप्रमाणेच किंचित खरखरीत लागे. मोती कालवाने तयार केला असेल तर तो खराच, मग केंद्रक कोणी का बसविलेले असेना, असे मिकिमोतो यांच्या बाजूचे म्हणणे होते. इंग्लंडचे लिस्टर जेम्सन आणि फ्रान्समधील बोर्दो येथील प्राध्यापक लुई बुताँ या प्राणिशास्त्रज्ञांनी दोन्ही मोत्यांची उत्पत्ती एकाच जैविक क्रियेने होते, असे मत दिले. १९२४ मध्ये पॅरिस येथील वाद मिकिमोतो यांच्या बाजूने निकालात निघाला. पुढे व्यापारात एक मधला मार्ग रूढ झाला: हे मोती खरेच मानावेत, मात्र विकताना त्यांना संवर्धित हे विशेषण लावावे. आजही जगभर हाच दंडक पाळला जातो.

मोती ओळखण्याच्या कसोट्या

न्यायालयाने मोती खरा ठरविला, तरी ग्राहकाला दोहोंतील फरक कळणे आवश्यक होते, कारण किमतीतील अंतर वाढतच गेले. संवर्धित मोत्यांमुळेच १९२५ मध्ये लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या वस्तीत रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा स्थापन झाली. बेसिल अँडरसन हे तरुण शास्त्रज्ञ तेथे नियुक्त झाले व पुढे आधुनिक रत्नशास्त्राचे एक प्रवर्तक म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली.

सर्व कसोट्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे. नैसर्गिक मोत्यात कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे केंद्रापर्यंत समकेंद्री थर असतात. केंद्रक असलेल्या संवर्धित मोत्यात बाहेर तसे थर आणि आत सरळ, समांतर पट्ट्यांचा मणी असतो. मोत्याला वेज पाडलेले असल्यास भिंगाखाली वेजाच्या तोंडाशी थर आणि मणी यांच्यामधील गडद रेषा काही वेळा दिसते. प्रखर प्रकाशापुढे मोती हळूहळू फिरविला असता पातळ थराखालील मण्याच्या पट्ट्या आळीपाळीने उजळतात व मावळतात. पॅरिस येथे १९२० च्या दशकात एंडोस्कोप हे उपकरण तयार झाले. त्यात दोन सूक्ष्म आरसे बसविलेली पोकळ सुई मोत्याच्या वेजात घालीत. नैसर्गिक मोत्यात प्रकाश वर्तुळाकार थरांतून फिरून सुईच्या दुसऱ्या आरशावर येतो. संवर्धित मोत्यात तो मण्याच्या सरळ पट्टीतून निसटून बाहेरच्या पृष्ठभागावर रेघेसारखा दिसतो. या उपकरणाने थोड्या वेळात शेकडो मोती तपासता येत, परंतु अविंध मोत्यांपुढे ते निरुपयोगी होते.

त्यासाठी क्ष-किरण कामी आले. क्ष-किरणांचे विवर्तन घेतल्यास नैसर्गिक मोती कोणत्याही दिशेने ठेवला तरी षट्कोनी ठिपक्यांची आकृती देतो. केंद्रकयुक्त मोती बहुतेक दिशांना चार ठिपक्यांची आकृती देतो. साध्या क्ष-किरण छायाचित्रातही मण्याभोवतीची कड उमटते. नदीच्या शिंपल्यात मँगनीज असते, त्यामुळे त्यापासून केलेला मणी क्ष-किरणांखाली मंद चमकतो; खाऱ्या पाण्यातील नैसर्गिक मोती सहसा चमकत नाही. घनतेचाही उपयोग होतो. सुमारे २.७१ घनतेच्या द्रवात बहुतेक नैसर्गिक मोती तरंगतात व बहुतेक संवर्धित मोती बुडतात, परंतु अपवाद असल्याने केवळ या कसोटीवर निर्णय देत नाहीत. दातावर घासण्याची घरगुती रीत काचेचा मणी ओळखण्यास पुरेशी असली, तरी नैसर्गिक व संवर्धित यांतील भेद तिने कळत नाही.

इराणचे आखात आणि मुंबई

नैसर्गिक मोत्यांचा सर्वांत मोठा पुरवठा इराणच्या आखातातून होत असे आणि त्याची प्रमुख बाजारपेठ मुंबई ही होती. बहरीन आणि कुवेत येथील व्यापारी हंगामाचा माल घेऊन मुंबईस येत. त्यांपैकी काहींच्या पेढ्याच येथे होत्या. मुंबईत मोत्यांची प्रतवारी होई, त्यांना वेज पाडले जाई, ते ओवले जात आणि मग पॅरिस व लंडनकडे रवाना होत. किंमत चव या मापाने ठरे. या हिशेबात मोत्याच्या वजनाच्या वर्गाप्रमाणे किंमत वाढते, म्हणून दुप्पट वजनाच्या मोत्याला सुमारे चौपट मोल येई. महाराष्ट्रातील नथ, तन्मणी, चिंचपेटी या दागिन्यांत वापरला जाणारा बसरा मोती हा याच आखातातील मोती होय. बसरा हे केवळ व्यापाराचे ठाणे असल्याने त्याचे नाव मोत्याला मिळाले.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत चैनीच्या वस्तूंची मागणी घसरली, त्याच वेळी जपानी मोत्यांचे उत्पादन वाढत होते. या दुहेरी आघाताने आखातातील व्यवसाय कोसळला. त्याची सर्वाधिक झळ पाणबुड्यांना बसली. हंगामापूर्वी नाखुदाकडून उचल घेऊन ते समुद्रावर जात आणि मिळकत कमी झाली की कर्ज पुढील वर्षावर, प्रसंगी पुढील पिढीवर जाई. बहरीनने आपल्या मोत्यांची प्रतिष्ठा राखण्यासाठी संवर्धित मोत्यांच्या व्यापारावर बंदी घातली. परंतु पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. १९३२ मध्ये बहरीनमध्ये खनिज तेल सापडले व पाणबुडे हळूहळू तेलाच्या कामाकडे वळले. मिकिमोतो यांच्या गौरवपर चरित्रांत या बाजूचा उल्लेख क्वचितच आढळतो. केवळ त्यांच्यामुळेच हा व्यवसाय बुडाला असे म्हणणेही एकांगी होईल. मिकिमोतो यांच्या पेढीने न्यूयॉर्क, पॅरिस, शांघाय इत्यादी शहरांप्रमाणे मुंबईतही आपली शाखा उघडली होती.

प्रदर्शने व प्रसिद्धी

मिकिमोतो प्रसिद्धीच्या तंत्रात अत्यंत कुशल होते. १९२६ च्या फिलाडेल्फिया येथील प्रदर्शनासाठी त्यांनी १२,७६० मोत्यांचा पाच मजली पॅगोडा घडविला. १९३३ मध्ये शिकागो येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या निवासस्थानाची २४,३२८ मोत्यांची प्रतिकृती मांडली, तर १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे १२,२५० मोती व ३६६ हिरे जडविलेली लिबर्टी बेलची प्रतिकृती ठेवली. १९२७ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात त्यांनी टॉमस एडिसन यांची भेट घेतली. हिरा आणि मोती या दोन गोष्टी आपल्या प्रयोगशाळेत होऊ शकल्या नाहीत, असे एडिसन यांनी या भेटीत म्हटल्याचे सांगतात. मिकिमोतो यांनी या उद्गारांना भरपूर प्रसिद्धी दिली.

१९३० च्या दशकात जपानमध्ये शेकडो मोती-शेते झाली आणि स्वस्त, पातळ थराचा माल बाजारात येऊ लागला. काही उत्पादक वर्ष-दोन वर्षांतच कालवे उघडीत. अशा मोत्यावरील थर लवकर झिजून आतला मणी उघडा पडे. १९३२ मध्ये मिकिमोतो यांनी कोबे येथील वाणिज्य मंडळाच्या इमारतीसमोर, परदेशी वार्ताहरांच्या साक्षीने, सुमारे १३५ किलोग्रॅम हलक्या प्रतीच्या मोत्यांची होळी केली. हा जाहिरातीचाच एक प्रकार होता हे खरे. मात्र संवर्धित मोत्याला खरा म्हणवून घ्यायचे तर त्यावरील थर पुरेसा जाड असला पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता.

युद्धकाळ व अखेर

१९४० मध्ये जपान सरकारने चैनीच्या वस्तूंच्या निर्मितीवर व विक्रीवर निर्बंध घातले आणि मोत्यांचा उद्योग ठप्प झाला. पेढीने काही काळ शिंपल्यांपासून कॅल्शियमची औषधे तयार केली. कामगार सैन्यात गेले, तराफे कुजले. युद्धसमाप्तीनंतर जपानमध्ये असलेल्या दोस्त सैन्यातील अधिकारी व सैनिक मायदेशी नेण्यासाठी मोती खरेदी करू लागले व उद्योग अनपेक्षित वेगाने सावरला. आगो उपसागरातील बेटावर भेटीस येणाऱ्यांचे स्वागत किमोनो व गोल टोपी घातलेले वृद्ध मिकिमोतो स्वतः करीत. विशीपासून रोज सकाळी दोन मोती गिळतो, हेच आपल्या प्रकृतीचे रहस्य आहे, असे ते पाहुण्यांना सांगत.

१९५१ मध्ये ओजिमा बेट पर्यटकांसाठी खुले करण्यात आले. आज ते मिकिमोतो मोती-बेट म्हणून ओळखले जाते. तेथील संग्रहालयात फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथील प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तू ठेवल्या असून आमा स्त्रिया पांढऱ्या वेशात बुडी मारण्याचे प्रात्यक्षिक दाखवितात. २१ सप्टेंबर १९५४ रोजी मिकिमोतो यांचे वयाच्या ९६ व्या वर्षी निधन झाले. मरणोत्तर त्यांना जपान सरकारचा पवित्र निधी सन्मान प्रदान करण्यात आला. १९८५ मध्ये जपानच्या पेटंट कार्यालयाने निवडलेल्या दहा थोर जपानी संशोधकांत त्यांचा समावेश झाला.

भारतातील संवर्धन

अकोया कालव हे पिंक्टाडा फ्युकाटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटातील असून त्याच जातीची कालवे मन्नारच्या आखातात आढळतात. जपानी उत्पादकांनी शस्त्रक्रियेचे बारकावे दीर्घकाळ गुप्त ठेवल्यामुळे भारतात हे तंत्र स्वतंत्रपणे विकसित करावे लागले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे के. अलगरस्वामी यांनी जुलै १९७३ मध्ये तुतिकोरिन येथे भारतातील पहिला गोल संवर्धित मोती यशस्वीपणे तयार केला.